लेखक वाचत नाही, आठवतो

हे मनन सावकाश करायचं आहे. डोळे मिटायची गरज नाही. उलट समोर तुमचं लिखाण हवं. कथासंग्रह असेल, कादंबरी असेल, निवृत्तीनंतर लिहिलेल्या आठवणी असतील. छापलेले कागद असले तर उत्तम, नसले तर फोनचा पडदाही चालेल. वेळ शक्यतो रात्रीची घ्या. भाईंदरच्या इंद्रलोक वस्तीत उशिरा का होईना, खालच्या दुकानांची शटरं पडतात, रिक्षांचे हॉर्न विरळ होतात, घरातली बाकीची माणसं झोपतात. भाईंदरच्या लेखकाला मिळते ती निवांत वेळ बहुधा एवढीच. बाकीचं लिखाण लोकलमध्ये झालेलं असतं. बसायला जागा मिळाली तर अंधेरी येईपर्यंत एक परिच्छेद, नाही मिळाली तर दाराशी उभ्या उभ्या अंगठ्याने टिपलेलं एखादं वाक्य. अशा तुकड्यातुकड्यांतून दोनशे पानं उभी करणं सोपं नाही. आधी त्या श्रमाला मान द्या. मनातल्या मनात म्हणा, हे मी पुरं केलं.

आता त्या पानांकडे पाहा, पण अजून वाचू नका.

मनात काय चाललंय तेवढं फक्त ओळखा. छपाईची घाई आहे का? फाइल पाठवा, महिन्याभरात पुस्तक हातात, असं कुणी सांगितलंय का? मुखपृष्ठ कसं असावं, प्रस्तावना कुणाची घ्यावी, समारंभाला पाहुणे कोण, नातेवाइकांना किती प्रती लागतील, हे सगळं डोळ्यांसमोरून सरकतंय का? सरकू द्या. त्यात गैर काही नाही. फक्त त्या यादीत संपादक कुठे आहे ते शोधा. बहुतेक याद्यांत तो नसतो. स्वखर्चाने पुस्तक काढणारा माणूस फर्म्यांचा हिशोब बारकाईने करतो. सोळा पानांचा एक फर्मा, एकशे साठ पानांचे दहा. कागद किती जाडीचा, मुखपृष्ठाला लॅमिनेशन चकचकीत की मॅट, हेही त्याला पाठ असतं. खर्च हाताबाहेर जायला लागला की पहिली काट मात्र संपादनाच्या खर्चावर बसते. कागद हाताला लागतो, मुखपृष्ठ डोळ्यांना दिसतं. संपादन झालं की नाही, हे लेखकाला दिसत नाही.

लेखकालाच ते का दिसत नाही, या प्रश्नापाशी आपण बसणार आहोत.

*

पहिलं पान वाचा. मनात, नेहमीसारखं.

वाचून झालं की स्वतःला विचारा, मी खरोखर शब्द वाचले का? समजा तुम्ही लिहिलंय, ‘आजी ओट्यावर बसली होती.’ हे वाचताना तुम्हाला तुमची आजी दिसली. तिच्या नऊवारीचा रंग दिसला, ओट्याचा झिजून गुळगुळीत झालेला दगड दिसला, तपकिरीचा वाससुद्धा आला. आता पुन्हा वाक्याकडे पाहा. कागदावर यातलं काहीही नाही. तिथे एक ओटा आहे आणि एक आजी आहे. इंद्रलोकातल्या सातव्या मजल्यावर वाढलेल्या विशीतल्या मुलीला ओटा म्हटल्यावर स्वयंपाकघरातला गॅसचा ओटाच दिसणार. आजी त्याच्यावर कशाला चढून बसली, असं तिला वाटलं तर तिचं काय चुकलं?

लेखक आपलं पुस्तक वाचत नाही, आठवतो. हा त्याचा आळस नव्हे आणि अडाणीपणाही नव्हे. वाक्य ज्या अनुभवातून आलं तो अनुभव त्याच्याजवळ असतो, म्हणून वाक्य अर्धवट असलं तरी त्याला ते पुरं वाटतं. गळलेला शब्द मन आपसूक भरून घेतं, उलटसुलट झालेली अक्षरं डोळा सरळ करून घेतो. मी पाच वेळा वाचलंय, असं लेखक म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याने पाच वेळा आठवलेलं असतं. सहाव्यांदाही तेच होईल.

इथे एक क्षण थांबा. हे स्वतःबद्दल मान्य करायला जड जातं का, ते पाहा.

मग घरच्यांचा विचार करा. बायकोने वाचलं, मुलाने वाचलं, मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी खरंच होतं. पण मावशीनेही ती आजी पाहिलेली आहे. तुमच्या वाक्याने तिच्याही आठवणीचं दार उघडलं. घरची माणसं, शाळेतले मित्र, सोसायटीतले शेजारी यांच्यापाशी तुमच्या पुस्तकाबाहेरचं पुष्कळ सामान असतं, आणि ते पुस्तकातल्या रिकाम्या जागा प्रेमाने भरून टाकतात. सोलापूरच्या किंवा सावंतवाडीच्या वाचनालयात हे पुस्तक उघडणाऱ्या माणसापाशी तसलं काही नसेल. त्याच्यासाठी पुस्तकात आहे तेवढंच आहे. छापण्यापूर्वी एका तरी माणसाने तुमचं लिखाण त्या वाचकासारखं वाचायला हवं, आणि वाचून कुठे काय अडलं हे तुम्हाला नेमकेपणाने सांगता येण्याइतका तो जाणकारही हवा. संपादकाची गरज इतकी साधी आहे.

*

आता मनाला मागे न्या. बरंच मागे, पैठणला.

ज्ञानेश्वरांनी नेवाशाला गीतेवर टीका सांगितली ती शके १२१२मध्ये, म्हणजे इ.स. १२९०मध्ये. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. पुढे ती हातांनी उतरत गेली, या पोथीतून त्या पोथीत. उतरवणारे बहुतेक भाविकच होते, आणि गंमत अशी, की भाविकपणाच तिथे अडचणीचा होता. ओव्या तोंडपाठ असलेला माणूस समोरच्या पोथीत पाहून लिहितो तेव्हा त्याचा हात पोथीतलं लिहितो की मनातलं? जुना शब्द कळला नाही की ओळखीचा शब्द जिभेवर येतो आणि तोच कागदावर उतरतो. तोही वाचत नव्हता, आठवत होता. अशा आठवणींचे थर साचत साचत मूळ पाठ झाकला गेला.

शके १५०६मध्ये, इ.स. १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी तो मूळ पाठ शुद्ध करण्याचं काम केलं. मधे २९४ वर्षं गेली होती. त्यांनी पोथ्या जमवल्या, पाठ ताडून पाहिले आणि शुद्ध प्रत सिद्ध केली. मराठीतला पहिला मोठा संपादक म्हणून नाव घ्यायचं तर नाथांचंच घ्यावं लागतं. त्यांच्याबद्दलची आख्यायिका तुम्हाला ठाऊक असेल. नाथांचा घसा दुखू लागला. स्वप्नात ज्ञानदेवांनी सांगितलं, अजानवृक्षाची मुळी माझ्या कंठाला लागली आहे, आळंदीला येऊन ती काढ. आख्यायिकेचा खरेखोटेपणा बाजूला ठेवू. तिच्यात संपादनाचं सगळं काम आलेलं आहे. आवाज ज्ञानदेवांचा आहे, त्याला अटकाव करणारी मुळी काढायची आहे, आणि दुखणं आधी काढणाऱ्याच्या घशात जाणवलं आहे.

आणखी एक गोष्ट पाहा. नाथ स्वतः सामान्य कवी नव्हते. त्यांचं भागवत त्याआधीच, शके १४९५मध्ये, काशीला पुरं झालं होतं. ज्ञानेश्वरीत चार ओव्या आपल्या घालाव्यात हा मोह त्यांना सहज पडू शकला असता, आणि त्या चांगल्याच झाल्या असत्या. त्यांनी तसं केलं नाही. शेवटी काम केल्याचा काळ नोंदवणाऱ्या मोजक्या ओव्या लिहिल्या आणि पुढच्यांना बजावलं, की या ग्रंथात कुणी आपली ओवी घालू नये.

या दोन गोष्टी मनात शेजारी शेजारी ठेवा. नाथांनी सुधारलं पुष्कळ, मूळ पाठात भर काहीच घातली नाही. चांगला संपादक ओळखायची खूण चारशेहून अधिक वर्षांपूर्वी पैठणला ठरून गेली आहे.

*

पुन्हा आपल्या पानांकडे या. आता ती चार वेळा, चार नजरांनी पाहायची आहेत. घाई करू नका.

पहिल्या वेळी शब्दांकडे पाहूच नका. पुस्तक कुठून सुरू होतं आणि कुठे संपतं, एवढंच पाहा. तुम्ही जिथे सुरुवात केली तिथे ते खरोखर सुरू होतं का? की पहिली तीस पानं तुम्ही स्वतःला तयार करत होतात? कादंबरीचा जीव कुठल्या प्रकरणात आहे? हार्पर ली या अमेरिकन लेखिकेने १९५७ साली प्रकाशकाकडे हस्तलिखित दिलं. त्यात मोठी झालेली मुलगी आपल्या गावी परत येते आणि अधूनमधून तिला बालपण आठवतं. टे होहॉफ या संपादिकेने ते वाचलं. पुस्तकाचा प्राण त्या बालपणाच्या तुकड्यांत आहे, हे तिच्या लक्षात आलं. लीने पुढची दोनेक वर्षं पुन्हा लिहिण्यात घालवली आणि १९६० साली ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ आली. मूळ हस्तलिखित २०१५मध्ये वेगळ्या नावाने छापलं गेलं, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून हा प्रवास कुणालाही पाहता येतो. होहॉफने कादंबरी लिहिली नाही. ती कुठे आहे हे दाखवलं. लेखिकेला ते दिसलं नव्हतं, बहुधा तिला दोन्ही काळ सारख्याच जवळून आठवत होते म्हणून.

विचारा स्वतःला, माझ्या पुस्तकातला असा कुठला तुकडा मी कोपऱ्यात बसवून ठेवला आहे? उत्तर लगेच येणार नाही. नाही आलं तरी चालेल.

दुसऱ्या वेळी माहिती पाहा. मनन म्हटल्यावर तारखा कशाला, असं वाटेल, पण आठवण सर्वांत बेमालूम फसवते ती इथे. भाईंदरच्या जुन्या दिवसांवर कुणी लिहितो, की १९८० साली महानगरपालिकेच्या नळावर आम्ही रांग लावायचो. त्याला रांग आठवते, हंडे आठवतात, भांडणं आठवतात. पण इथे नगरपरिषद झाली १९८५ साली आणि महानगरपालिका २००२ साली. त्याआधी कारभार ग्रामपंचायतींचा होता. दुसरा कुणी मीरा-भाईंदर पालघर जिल्ह्यात टाकतो. २०१४ साली तो जिल्हा वेगळा निघाला, वसई-विरार त्यात गेलं, मीरा-भाईंदर मात्र ठाण्यातच राहिलं. रांग खरी, पाणी खरं, दुःखही खरं, पण एका चुकीच्या नावाने जाणकार वाचकाचा विश्वास सुटतो. मग त्याला रांगेचीही शंका येते. दुसऱ्या प्रकरणात बारा वर्षांची असलेली बहीण तीन वर्षांनी सोळाची कशी झाली, हेही संपादक विचारतो. लेखकाला ती बहीणच आठवते, तिचं वय तो मोजत नाही.

तिसऱ्या वेळी भाषा ऐका. हे पाहण्यापेक्षा ऐकण्याचं काम आहे, म्हणून एक पान मोठ्याने वाचा. शक्य असेल तर दुसऱ्याकडून वाचून घ्या आणि तो कुठे अडखळतो तिथे पेन्सिलीने टिंब करा. आपल्या भागात मराठीच्या कानाशी गुजराती आहे, मारवाडी आहे, सगळ्यांच्या मधे हिंदी आहे. त्यामुळे नकळत आपण लिहितो, ‘मी उद्या येईल’, ‘त्याने माझी मदत केली’, ‘मी त्याला बोललो की तू जा’. निवेदनात हे आलं तर संपादक विचारेल, इथे ‘येईन’ हवं ना? ‘मला मदत केली’ असं हवं ना? पण हेच वाक्य नवघरच्या नाक्यावर उभ्या असलेल्या पोराच्या तोंडी असेल, तर त्याला हात लावायचा नाही. तो पोरगा असंच बोलतो. त्याच्या तोंडी ‘मी त्याला म्हणालो’ घातलं तर तो पोरगाच मरेल. कुठे दुरुस्त करायचं आणि कुठे तसंच ठेवायचं, हा भेद कळणं ही संपादनातली अवघड विद्या आहे.

इथले मूळचे आगरी, कोळी, उत्तनचे ईस्ट इंडियन आणि खाडीपलीकडे वसईतले सामवेदी यांच्यापैकी कुणी लिहीत असेल तर हे अधिकच महत्त्वाचं. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या मुलगा सोपानदेव याने आणि घरच्यांनी वहीत उतरवून ठेवल्या. डिसेंबर १९५१मध्ये बहिणाबाई गेल्या, सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. अत्र्यांनी प्रस्तावना लिहिली. कुणी त्या गाण्यांना शहाणपणाने पुणेरी करायला गेलं असतं, तर आज हातात काय उरलं असतं? तुमच्या लिखाणातली बोली कुठे आहे ते शोधा, आणि ती सांभाळील असाच संपादक शोधा.

चौथ्या वेळी अक्षरं पाहा. हे मुद्रितशोधकाचं क्षेत्र. लोक याला किरकोळ समजतात. ‘आचार्यांना दक्षिणा दिली’ आणि ‘आचाऱ्यांना दक्षिणा दिली’ यांत किती अंतर आहे पाहा. एकीकडे गुरू आहेत, दुसरीकडे स्वयंपाकी. जुन्या फाँटमधली फाइल युनिकोडमध्ये आणताना नेमकी असलीच अक्षरं मोडतात. ‘शिक्षक दीन’ असं छापलं, की शिक्षकांचा दिवस बिचाऱ्या शिक्षकांवरच उलटतो. संगणकातला तपासनीस ‘दीन’ला चूक म्हणणार नाही, कारण तो शब्द कोशात आहे. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा लेखननियम शासनाने १९६२ साली स्वीकारले, १९७२ साली चारची भर पडून ते अठरा झाले. ‘कवी’ दीर्घ, पण ‘कविमन’ ऱ्हस्व. ‘गुरू’ दीर्घ, पण ‘गुरुकुल’ ऱ्हस्व. हे सगळं लेखकाला पाठ असलंच पाहिजे असं नाही. यास्मिन शेख, अरुण फडके यांच्यासारख्यांनी आयुष्य त्यात घातलं. फडक्यांचं ‘शुद्धलेखन ठेवा खिशात’ नावाप्रमाणे खिशात मावतं. ते जवळ ठेवा, आणि तरीही अखेरचं मुद्रित जाणत्या माणसाकडे द्या.

हा माणूस संपादकाहून वेगळा असलेला बरा. मजकूर तीन-चार वेळा हाताखालून गेला की संपादकही आठवायला लागतो. तिथे पुन्हा कोरी नजर लागते.

*

इथवर बुद्धीला सगळं पटलेलं असेल. तरी आत कुठे तरी नको वाटतं. ते नकोपण आता समोर घ्या.

कशाची भीती आहे? कुणी तरी लाल खुणा करील याची? सगळ्यांत आवडतं पान काढा म्हणेल याची? की माझा आवाज हरवेल याची? पहिल्या दोन भीतींकडे थोडं हसून पाहता येतं. तिसरी मात्र खरी आहे, तिला वेळ द्यायला हवा. त्यासाठी एका जुन्या कार्यालयात जाऊन येऊ.

भाईंदरहून ज्या गाडीने तुम्ही रोज कामाला जाता, तीच धीमी झाली की चर्नी रोडला नेते. तिथून गिरगावातली खटाववाडी चालत गाठता येते. तिथल्या मौज प्रकाशनाच्या कार्यालयात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी मराठी संपादनाचं एक घराणं उभं केलं. मौजेचं, १९३३ साली सुरू झालेलं ‘सत्यकथा’ मासिक १९८२पर्यंत चाललं. कथा परत येई ती सविस्तर पत्रासह. इथे ही पात्रं अशी का वागतात, हा शेवट आधीच झाला आहे का, असे प्रश्न त्यात असत. लेखक चिडत, पुन्हा लिहीत, पुन्हा पाठवत. पटवर्धनांनी ‘द इयर्लिंग’चं ‘पाडस’ हे मराठी रूप केलं. ती मूळ कादंबरीही एका संपादकाच्या आग्रहातून आली होती. मॅक्सवेल पर्किन्सने मार्जोरी किनन रॉलिंग्ज या लेखिकेला सुचवलं, की फ्लोरिडाच्या रानातल्या एका मुलाची गोष्ट लिही. तिने आधी दुसरंच लिहिलं. ‘इयर्लिंग’ आली १९३८ साली आणि तिला पुलित्झर मिळालं. एका संपादकाने मागितलेलं पुस्तक दुसऱ्या संपादकाने मराठीत आणलं. दोघांची नावं सामान्य वाचकाला फारशी माहीत नाहीत.

आता याच खटाववाडीची दुसरी बाजू पाहा. १९६९ साली राजा ढाले आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘सत्यकथे’ची होळी केली. लघुनियतकालिकांच्या त्या पिढीला वाटत होतं, की इथल्या अभिरुचीच्या चाळणीत आमचं जगणं अडकतं, आमची भाषा आत येऊच शकत नाही. एका बाजूला एवढं निष्ठेने केलेलं संपादन, दुसऱ्या बाजूला एवढा राग. दोन्ही मनात धरून ठेवा. कुठलं बरोबर हा निवाडा आज करू नका. संपादकालाही त्याच्या आवडीनिवडी असतात, त्याचंही एक शिक्षण आणि एक वस्ती असते. त्याच्या कानाला जे अपरिचित आहे ते त्याला चूक वाटू शकतं. म्हणून हस्तलिखित द्यायचं ते डोळे उघडे ठेवून.

आवाज हरवण्याच्या भीतीवरचा उपाय यातच आहे. संपादक सांगतो काय अडलं. ते कसं सोडवायचं हे बहुतेक वेळा लेखकाने ठरवायचं असतं. ‘ओट्यावरची आजी मला दिसली नाही’ ही संपादकाची तक्रार ऐकायलाच हवी. त्याने सुचवलेलं वाक्य घ्यायलाच हवं असं नाही. तुम्ही तिसरंच लिहाल, आणि ते बहुधा मूळ वाक्यापेक्षाही तुमचं असेल, कारण आता तुम्ही ते दुसऱ्याला दिसावं म्हणून लिहिलेलं असेल. तक्रार मानायची, उपाय आपला शोधायचा. शेवटचा शब्द लेखकाचा, पण संपादकाचं ऐकून झाल्यावरचा.

एक लाल खूण डोळ्यांसमोर आणा. तुमच्या लाडक्या परिच्छेदावर मारलेली. पहिल्या क्षणी काय वाटतं ते पाहा. राग असेल तर राग. मग एक दिवस जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी तीच खूण पाहताना राग उरला आहे की शंका उभी राहिली आहे? राग उरला असेल तर परिच्छेद ठेवा. शंका असेल तर काढा. निदान वेगळ्या फाइलमध्ये नेऊन ठेवा. त्याच्याविना प्रकरण चालतंय का, ते आपोआप कळेल.

*

आता थोडं व्यवहाराचं. व्यवहार मननात बसत नाही असं समजू नका. संकल्प व्यवहारात उतरला नाही तर सकाळी विरून जातो.

संपादकाला आधी दहा पानांचा नमुना द्या आणि त्याचे पैसे द्या. परत आलेल्या पानांवर त्याने काय बदललं ते पाहा, पण त्याहून बारकाईने पाहा त्याने काय बदललं नाही. तुमचं एखादं वेडंवाकडं पण जिवंत वाक्य त्याने तसंच ठेवलं असेल तर माणूस योग्य आहे. सगळी वाक्यं एकाच उंचीची करून पाठवली असतील तर नम्रपणे नकार द्या. समासात त्याने प्रश्न विचारले आहेत की नुसतेच निर्णय दिले आहेत, हेही पाहा.

काम कोणतं हे आधी स्पष्ट करा. रचनेवर मत हवं आहे, की भाषा तपासायची आहे, की फक्त प्रुफं? या तीन वेगळ्या कामांना वेगळा वेळ आणि वेगळं पारिश्रमिक लागतं. ‘जरा नजर टाका’ असं म्हणून ओळखीच्या प्राध्यापकाकडे चारशे पानं टाकली, तर तो जरा नजरच टाकील. मुदत, मोबदला, मजकुरावरचा अखेरचा अधिकार, हे दोन ओळींत का होईना, लिहून घ्या. पैसे घेऊन पुस्तक छापून देणारा कुणी ‘संपादनासह’ असं म्हणत असेल तर विचारा, संपादन करणार कोण आणि मला त्यांच्याशी बोलता येईल का? उत्तर घुटमळलं तर तुम्हाला कळलंच.

हाती पैसे कमी असतील तर कागद साधा घ्या. मुखपृष्ठ एकरंगी करा. प्रती तीनशे काढा. या सगळ्या काटकसरी वाचक माफ करतो. रटाळ पहिली तीस पानं तो माफ करत नाही. तो पुस्तक मिटतो, आणि त्याची तक्रार तुमच्यापर्यंत कधीच पोहोचत नाही.

शेवटचं एक. मराठी पुस्तकाच्या श्रेयपानावर मुखपृष्ठकाराचं नाव असतं, अक्षरजुळणी कुणाची, मुद्रक कोण हेही असतं. संपादकाचं नाव मात्र अनेकदा नसतं. आता, पुस्तक छापण्याच्या कितीतरी आधी, त्या पानावर एक ओळ मोकळी सोडा आणि ती भरल्याशिवाय फाइल छापखान्यात पाठवणार नाही असं ठरवा. काम चांगलं झालं तर ते पुस्तकात कुठेही उठून दिसणार नाही, वाचक सगळं श्रेय तुम्हालाच देईल. म्हणून ते नाव लिहिण्याची जबाबदारीही तुमचीच आहे.